मालगाड्यांचा एक रविवार

धाकट्याचे दप्तर मी सहसा तपासत नाही. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासून आल्यावर घरच्या वह्यांना हात लावण्याची ताकद उरत नाही, हे खरे कारण. पण नववीच्या सहामाहीत गणितात त्याला शंभरपैकी बत्तीस गुण मिळाले आणि त्या संध्याकाळी तो ट्यूशनला गेल्यावर मी दप्तर जमिनीवर पालथे केले.

तळाशी एक लांबट वही होती. वर नाव नाही, विषय नाही. मनात नको नको ते आले. चौदा वर्षांच्या मुलाची आई असल्यावर काय काय येते, ते वाचणाऱ्या बहिणींना सांगायला नको. वही उघडली तर आत फक्त आकडे! पानामागून पाने, एका ओळीत अकरा आकडे, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची किंवा चुकीची खूण. मध्येच एखादी तारीख. सगळ्या तारखा रविवारच्या.

हे फोन नंबर नव्हते. बँकेचे खाते म्हणावे तर इतकी खाती कुणाची? मला सट्टा-जुगाराची शंका आली. तो घरी आला तेव्हा मी वही हातात धरूनच दारात उभी होते.

"हे काय आहे?"

त्याने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "डब्यांचे नंबर आहेत, अम्मी. मालगाडीच्या."

तोवर मला वाटे की ट्रेनचे वेड हे लहानपणी असते आणि मोठेपणी जाते. हा मुलगा चौथीत असताना इंजिनाची चित्रे काढायचा. मी ती कपाटाला चिकटवली होती. पुढे चित्रे बंद झाली, तेव्हा वेडही गेले असे मी धरून चालले होते. ते गेले नव्हते, फक्त माझ्यापासून दूर झाले होते.

त्या रात्री मी बरेच बोलले. दहावी तोंडावर आहे, वडील दोह्याला उन्हातान्हात राबतात, आणि इथे गणितात बत्तीस असताना साहेब डबे मोजतात. तो एक शब्दही उलट बोलला नाही. फक्त जेवण अर्धे टाकून उठला. नंतर फोनवर मी त्याच्या वडिलांकडे तक्रार केली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मामूने दिलेला कॅमेरा त्याला हवा होता ना? दे. आणि एक दिवस तूच जा त्याच्याबरोबर. बघ तरी काय करतो ते."

कॅमेऱ्याची गोष्ट अशी. माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी कुवेतहून येताना भाच्यासाठी एक वापरलेला कॅमेरा आणला होता. मी तो कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. कारण अभ्यासाचे सांगितले होते, पण ते पूर्ण खरे नव्हते. आमच्या नावाचा मुलगा, हातात कॅमेरा, आणि समोर रेल्वेचा रूळ. असे चित्र डोळ्यांपुढे आले की माझ्या पोटात गोळा येत असे. हे मी त्याला कधी सांगितले नव्हते. कोणत्या शब्दांत सांगायचे असते ते?

शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघे निघालो.

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यात आहे. गावापासून थोड्या अंतरावर कोकण रेल्वेचे एक छोटे स्टेशन आहे. आम्ही नोकरीपायी रत्नागिरीत राहतो. सकाळी सातच्या थंडीत स्कूटरवरून निघालो आणि आधी आईकडे गेलो. धाकटा पंधरा दिवसांनी एकदा रविवारी एसटीने नानीकडे जातो, हे मला ठाऊक होतेच. नानीची ओढ आहे म्हणून मला कौतुकही वाटे.

आम्ही पोहोचलो तेव्हा चुलीपाशी डबा तयार होता. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा, आणि दुसऱ्या डब्यात दुपारसाठी उकडलेली अंडी. मी येणार हे तिला माहीत होते, पण डबा बांधायचा हे कसे माहीत? मी विचारले, तर ती म्हणाली, "हा नेहमी नेतो तसाच बांधला, एक भाकरी वाढवली." धाकटा खाली मान घालून बुटाची नाडी बांधू लागला. तर असे होते. नानी सामील होती.

स्टेशनच्या बाहेर कुंपणापलीकडे रस्त्याला थोडा चढ आहे. तिथून दोन्ही बाजूंचे रूळ दूरवर दिसतात. त्याने तीच जागा धरली. मी म्हटले, "आत प्लॅटफॉर्मवर जाऊ या की." तर मला म्हणतो, "प्लॅटफॉर्मवर तिकीट काढून जाऊ. पण रुळावर जायचं नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही." जो मुलगा घरात टॉवेल जागेवर ठेवत नाही, तो मला कलम सांगत होता.

मालगाडीला आपल्यासाठी वेळापत्रक नसते, ही त्या दिवशीची पहिली शिकवण. मांडवी कधी येणार, वंदे भारत कधी जाणार हे कुणीही सांगेल. मालगाडी मात्र वाट मोकळी मिळाली की येते. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा २०२१मध्ये दुहेरी झाला, पण आमच्या बाजूला अजून एकच मार्ग आहे. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडतात. त्यातही मान प्रवासी गाडीचा. मालगाडीने बाजूच्या रुळावर शिरायचे, थांबायचे, दुसरीला जाऊ द्यायचे, मग निघायचे. "म्हणून तर छोटं स्टेशन चांगलं," धाकटा म्हणाला. "इथे ती थांबते. थांबली की नंबर वाचता येतात."

साडेनवाच्या सुमारास सिग्नल बदलला. मला काही कळले नाही, तो मात्र उभा राहिला. बऱ्याच वेळाने दुरून एक घरघर आली आणि झाडांच्या मागून इंजिन बाहेर पडले. पाठोपाठ तपकिरी बंद डबे. इंजिनावर लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ त्याने एका दमात सांगितला. डब्ल्यूएजी-९ मधला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारे, जी म्हणजे गुड्स, आणि ९ हा त्या जातीचा क्रमांक. डिझेल असते तर ए च्या जागी डी आला असता. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२मध्ये विजेवर आला, तेव्हापासून डिझेल कमी दिसते, याचे त्याला जरा वाईट वाटत होते. "आवाज भारी होता त्यांचा," असे म्हणाला.

गाडी बाजूच्या रुळावर येऊन थांबली. आता तो कॅमेरा विसरून वही काढून बसला. मी शेजारी बसले आणि म्हटले, "आता मला शिकव. मी विद्यार्थिनी."

त्याने समोरच्या डब्यावरचा नंबर लिहिला : ३००७०९१२६४४. "पहिले दोन आकडे डब्याची जात. तीस ते एकोणचाळीस म्हणजे बंद डबा. चाळीसपासून टँकरचे, पंचावन्नपासून सपाट डबे. पुढचे दोन, शून्य सात, म्हणजे दक्षिण-पूर्व रेल्वेचा डबा. आपल्या मध्य रेल्वेचा असता तर शून्य एक. मग शून्य नऊ, म्हणजे २००९ साली बनलेला. मग चार आकडे त्याचा स्वतःचा नंबर."

"आणि शेवटचा चार?"

"तो पहारेकरी आहे," तो म्हणाला आणि हसला. कित्येक दिवसांनी माझ्यासमोर हसला.

पहारेकऱ्याचे काम असे. पहिल्या दहा आकड्यांमधले दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या जागेवरचे आकडे घ्यायचे. इथे ते शून्य, सात, नऊ, दोन, चार. बेरीज बावीस. तिला तिनाने गुणायचे, सहासष्ट. उरलेल्या जागांवरचे आकडे तीन, शून्य, शून्य, एक, सहा. बेरीज दहा. दोन्ही मिळून शहात्तर. आता पुढच्या पूर्ण दशकापर्यंत, म्हणजे ऐंशीपर्यंत जायला किती हवेत? चार. म्हणून शेवटचा आकडा चार. समजा रंग उडाला म्हणून कुणी नऊच्या जागी आठ वाचला, तर बेरीज त्र्याहत्तर होईल, शेवटी सात यायला हवा होता, आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाईल. वहीतल्या बरोबर-चूक खुणांचा अर्थ आता कळला. जिथे हिशेब जुळला नाही तिथे त्याने चुकीची खूण केली होती. म्हणजे नंबर वाचताना आपली चूक झाली आहे, फोटो मोठा करून पुन्हा पाहा.

मी वहीची पाने चाळली. शेकडो नंबर होते. प्रत्येकाचा हा गुणाकार-बेरजेचा हिशेब त्याने तोंडी केला होता. गणितात बत्तीस गुण मिळालेल्या मुलाने! मी वीस वर्षे शिकवते आहे. बी.एड.ला आम्हाला मुलाच्या अनुभवाशी विषय जोडा असे शिकवले होते, आणि मी परीक्षेत त्यावर चांगले लिहिलेही होते. माझ्या स्वतःच्या घरात तो अनुभव दप्तराच्या तळाशी लपून बसला होता.

समोरून एक एक्सप्रेस धाडधाड करत गेली. मग मालगाडी हलली. त्याने डबे मोजले, बेचाळीस. शेवटी गार्डचा छोटा डबा. "आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात," मला दुरुस्ती मिळाली. त्या डब्याच्या मागे एलव्ही अशी दोन इंग्रजी अक्षरे लिहिलेली पाटी होती. लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा. स्टेशनवरचा माणूस ही पाटी पाहतो तेव्हाच अख्खी गाडी आली, मध्येच तुटून काही मागे राहिले नाही, याची खात्री होते. मी मनात म्हटले, घरातही अशी एखादी पाटी असती तर बरे झाले असते. माणसे पुढे निघून जातात आणि मागे कोण राहिले, हे आपण मोजतच नाही.

अकराच्या सुमारास ज्याची मला धास्ती होती तेच झाले. एक मोटारसायकल येऊन थांबली. दोघे जण, पंचविशीतले. मी जरा लांब, सावलीत होते. मागे बसलेल्याने धाकट्याला विचारले, "काय रे, कसले फोटो काढतोस?"

"मालगाडीचे."

"कशाला? नाव काय तुझं?"

त्याने नाव सांगितले. त्या मुलाने मागे वळून माझ्याकडे, माझ्या स्कार्फकडे पाहिले. "रेल्वेचे फोटो काढायची परवानगी आहे का? कुठे पाठवतोस? दाखव कॅमेरा."

मी उठले. पाय थरथरत होते, ते आवाजात येऊ नये म्हणून वर्गातला आवाज काढला. "मी शिक्षिका आहे. हा माझा मुलगा. आम्ही रस्त्यावर उभे आहोत, कुंपणाच्या आत नाही. काय विचारायचं ते मला विचारा." एवढे म्हणाले खरे, पण पुढे काय बोलायचे ते सुचत नव्हते. कॅमेरा दाखवायला हरकत काहीच नव्हती. पण का दाखवायचा?

एवढ्यात पलीकडच्या टपरीवरचे चहावाले काका हातातली किटली घेऊनच आले. साठीचे असतील. म्हणाले, "अरे, त्याला काय विचारता? तो नंबरवाला पोरगा. दर दोन आठवड्यांनी येतो, डबे लिहितो नि जातो. मास्तरांना पण म्हाईत हाय. मागं माझ्या नातवाला सत्तावीसचा पाढा ह्यानंच शिकवला." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आई का? बसा, चहा घ्या."

मोटारसायकलवाले थोडे घुटमळले. एक जण म्हणाला, "नाय, हल्ली बघायला लागतं ना, मॅडम." आणि गेले. त्यांनी शिवी दिली नाही, हात लावला नाही. सांगण्यासारखे काही घडलेच नाही, असेही कुणी म्हणेल. पण माझ्या हातातला चहा बराच वेळ हिंदकळत होता.

धाकट्याने मला विचारले, "अम्मी, ह्याच्यासाठीच कॅमेरा देत नव्हतीस ना?"

मी हो म्हटले.

"मला माहीत होतं. म्हणून मी पहिल्या दिवशीच स्टेशन मास्तरांना जाऊन नाव सांगितलं होतं. कुठे उभा राहू तेही विचारलं होतं."

मी ज्या गोष्टीपासून त्याला लपवत होते, ती त्याला कधीचीच कळली होती, आणि त्याने स्वतःच्या पद्धतीने तिच्यातून वाट काढली होती. सरळ जाऊन नाव सांगायचे. मला हे सुचले नसते. मी कपाटाला कुलूप लावले असते. लावलेच होते.

दुपार लांबली. आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. काजूच्या झाडाखाली चटई अंथरून मी जोहर अदा केली. तो टपरीवर काकांच्या नातवाला कॅमेऱ्यातून रूळ दाखवत बसला. एक कंटेनरची गाडी न थांबता गेली. एक टँकरची आली. उन्हात रूळ चमकत होते आणि मला जुने दिवस आठवत होते.

मी शाळेत होते तेव्हा इथे रेल्वे नव्हती. कोकणात रेल्वे येणार, हे वाक्य आमच्या वडीलधाऱ्यांनी इतक्यांदा ऐकले होते की त्यावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते, आमच्या राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री होते, आणि महामंडळाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे होती. मग डोंगरातून सुरुंगांचे आवाज येऊ लागले. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल ६४ मीटर उंच. अख्ख्या ७४१ किलोमीटरच्या वाटेवर नव्वदहून अधिक बोगदे आणि लहान-मोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल. हे सगळे बांधताना अनेक कामगारांचे जीव गेले. १९९८च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली, तेव्हा आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका नुसती गाडी बघायला स्टेशनवर जाऊन बसत.

माझे मरहूम अब्बा ट्रक ड्रायव्हर होते. मुंबई-गोवा हायवेवर त्यांची उमर गेली. ट्रक सेठचा, अब्बा पगारी. कधी सिमेंट, कधी कौले, कधी मंगळूरपर्यंत खेप. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट आम्हा पोरांना नकाशातून नव्हे, अम्मीच्या दुआंमधून पाठ झाले होते. अब्बा निघाले की ती घाटांची नावे घेऊन घेऊन दुआ मागायची. परत आले की चार-चार दिवसांचे जागरण त्यांच्या डोळ्यांत असायचे.

१९९९च्या जानेवारीत कोकण रेल्वेने रो-रो सुरू केली. कोलाडला भरलेले ट्रक जसेच्या तसे सपाट डब्यांवर चढवायचे, चाकांना अटकाव लावून पक्के करायचे, आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे. एका डब्यावर एक ट्रक, एका गाडीवर चाळीस-पन्नास. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्येच बसून जातो. डिझेल वाचते, टायर वाचतात, आणि घाटातली रात्र वाचते. अब्बांचा पहिल्यांदा विश्वास नव्हता. "ट्रकला रेल्वेचं तिकीट!" म्हणून हसायचे. ड्रायव्हरला आता कोण विचारणार, ही भीतीही होती. मग सेठने एकदा त्यांना रो-रोने पाठवले. परत आले तेव्हा त्यांनी अंगणात बसून सांगितलेले मला अजून आठवते. "पुलावर गेल्यावर मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. ट्रक बांधलेला, इंजिन बंद, तरी धरून बसलो. मग हसू आलं. सोडून दिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी आमचं कोकण बघितलं. नाहीतर रस्ताच बघत होतो."

मग ते मला म्हणाले, "गाडी आपल्या मळ्याच्या कडेने जाते. पुढच्या खेपेला रात्र झाली तर बॅटरी हलवीन. तू बांधावर उभी राहा, दिसशील मला."

मी तेव्हा वीस वर्षांची होते, डी.एड. करत होते. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता. त्यात मी 'ट्रक ड्रायव्हर' लिहिले नव्हते. 'वाहतूक व्यवसाय' असे लिहिले होते. मैत्रिणींच्या वडिलांपैकी कुणी क्लार्क, कुणी मास्तर. मी बांधावर गेले नाही. पाठ घ्यायचा आहे, तयारी करायची आहे, असे म्हणाले. पुढच्या वेळीही. त्याच्या पुढच्याही. अम्मी मात्र कंदील घेऊन जायची. परत आल्यावर कधी म्हणायची, "आज दिसले," कधी म्हणायची, "आज बहुतेक झोप लागली असेल." अब्बांनी मला पुन्हा कधी विचारले नाही. पुढे माझे लग्न झाले, त्यांना साखरेने घेरले, ट्रक सुटला. २००८मध्ये ते गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

हे मी कुणालाही सांगितले नव्हते. त्या दुपारी, का कोण जाणे, धाकट्याला सांगितले. नानांना त्याने पाहिलेले नाही. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "नानीने सांगितलंय मला. कंदिलाचं. तुझं नाही सांगितलं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "म्हणून तर मी रो-रोची वाट बघतोय, अम्मी. बाकी सगळ्यांचे फोटो वहीतल्या नंबरासाठी. रो-रोचा नानीसाठी हवाय. मागे दोनदा चुकली."

साडेचार झाले. उन्हाचा रंग बदलला. उशीर झाला तर घरी परतायला रात्र होईल, म्हणून मी घाई करणार होते, पण बोलले नाही. पाचच्या सुमारास सिग्नल बदलला. या वेळी मलाही कळले.

इंजिन पुढे निघून गेले आणि मागून ट्रक यायला लागले. जमिनीपासून इतक्या उंच, रांगेत, जणू सगळा हायवेच कुणी उचलून रुळावर ठेवला आहे. ताडपत्रीने झाकलेले, मागे शेरोशायरी लिहिलेले, समोर लिंबू-मिरची बांधलेले, आरशाला काळा गोंडा लावलेले. गाडी थांबली नाही, पण वेग कमी होता. एका केबिनमध्ये कुणी पाय वर करून झोपले होते. एकात दोघे पत्ते खेळत होते. आणि पुढच्या एका केबिनमध्ये पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ सरळ बसून बाहेर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी हात वर केला. शाळेत शिक्षिका आहे, रस्त्यावर उभी आहे, टपरीवर माणसे आहेत, यातले काही त्या क्षणी मनात आले नाही. पूर्ण हात वर करून हलवला. त्या गृहस्थांना आधी वाटले असेल की मी दुसऱ्याच कुणाला दाखवते आहे. मग त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात सोडला आणि हलवला. ट्रक पुढे गेला. मी मात्र शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली घेतला नाही. एलव्हीची पाटी दिसली, तेव्हा घेतला.

धाकटा कॅमेऱ्याचा पडदा बघत उभा होता. चेहरा पडलेला. "हलला, अम्मी. मी तुझ्याकडे बघितलं आणि हात हलला. धूसर आलाय. पुसून टाकतो."

"ठेव," मी म्हटले.

अंधार पडता पडता घरी पोहोचलो. अम्मी मगरिबची नमाज संपवून ओसरीवर बसली होती. मोतीबिंदूचे एक ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्या डोळ्याचे राहिले आहे. धाकट्याने तिच्या मांडीवर कॅमेरा ठेवला आणि तो धूसर फोटो मोठा करून दाखवला. तिने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"आत कोणी बसलेला आहे काय?" तिने विचारले.

"हो, नानी. पांढरी दाढी आहे. अम्मीने हात दाखवला त्यांना. त्यांनी पण दाखवला."

अम्मीने माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही. कॅमेरा परत देऊन म्हणाली, "चहा टाकते. थंडी पडलीय, स्कार्फ नीट बांधून जा."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून काही नियम ठरवले. कॅमेरा कपाटाबाहेर राहील. महिन्यातून दोन रविवार त्याचे, पण जाण्याआधी मला सांगून. कुंपणाच्या आत पाऊल नाही. कुणी विचारले तर खरे नाव, खरे काम, आणि माझा फोन नंबर. आणि गणिताच्या पेपरातले बत्तीस हे कुठल्या प्रकरणात गेले ते त्याने मला बसून दाखवायचे. त्याने दाखवलेही. भूमितीची प्रमेये त्याने लिहिलीच नव्हती, बीजगणितात जवळजवळ काही चुकले नव्हते. हे मला पेपर हातात आला तेव्हाच पाहता आले असते.

सोमवारी मी माझ्या वर्गात फळ्यावर अकरा आकडे लिहिले आणि मुलांना पहारेकरी शोधायला सांगितला. मराठीचा तास होता, पण कुणी तक्रार केली नाही.

जानेवारीत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे होते. एक मुलगी 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पेन धरून थांबली होती. तिचे वडील रिक्षा चालवतात, हे मला माहीत आहे. मी तिच्याजवळ गेले, बाकावर शेजारी बसले, आणि तिला माझ्या अब्बांच्या ट्रकबद्दल सांगितले.